भाच्याचे ड्रम ऐकायला लखनौला

लखनौला लोक इमामबाडा बघायला जातात, कबाब खायला जातात, चिकनचे कुडते आणायला जातात. मी निकाल द्यायला गेलो होतो. इमामबाडा राहूनच गेला, तेव्हा त्याचं वर्णन या लेखात शोधू नका. कबाब मात्र भरपूर आहेत.

झालं असं. माझी धाकटी बहीण सुमन सव्वीस वर्षांपूर्वी लग्न होऊन तिकडे गेली. आमचे दाजी, म्हणजे तिचे मालक, तिथल्या रेल्वे कारखान्यात फोरमन. शहाऐंशी साल नुकतंच लागलं होतं, तेव्हा सुमनचं पत्र आलं. "दादा, सिद्धू हाताबाहेर गेलाय. दिवसभर ढोल बडवतो. ड्रम म्हणतात त्याला. इंग्रजी गाणी लावतो, त्यातला गाणारा बोकड कापल्यागत ओरडतो. रेल्वेत अप्रेंटिस म्हणून याचं नाव लागलंय, फेब्रुवारीच्या दुसऱ्या सोमवारी हजर व्हायचंय. आणि हा म्हणतो, मंगळवारी मी दिल्लीला जाणार, तिकडच्या एका बँडला ड्रमवाला पाहिजे. घरात रोज तोंडातोंडी. शेवटी तोच म्हणाला, मामांना बोलवा. मामांनी ऐकून 'नाही' म्हटलं तर मी सोमवारी कामावर जाईन, परत काड्यांना हात लावणार नाही. 'हो' म्हटलं तर पप्पांनी अडवायचं नाही. हे कबूल झालेत. तू ये."

दाजी कबूल झाले यात नवल काहीच नाही. मी कुणाला 'हो' म्हणेन असं कोल्हापुरात कुणालाच वाटत नाही. तीस वर्षं तबला शिकवतोय. एकदा एका बड्या असामीचा मुलगा गॅदरिंगमध्ये वाजवून उतरला. बापानं हसत हसत विचारलं, "कसं काय वाटलं, मास्तर?" मी म्हटलं, "पोराला रंकाळ्यात पोहायला घाला. हातपाय बरे हलवतो." त्या घरचं आमंत्रण त्या दिवसापासून बंद झालं, पण तोंडावर खरं बोलणारा माणूस म्हणून माझं नाव झालं ते कायमचं. अशा माणसाला बोलावलं म्हणजे पोराचं काय होणार हे दाजींनी आधीच ओळखलं होतं.

चारबाग

गाडीला उशीर झाला, किती ते सांगत नाही, रेल्वे घरातलीच आहे. चारबाग स्टेशन बाहेरून एखाद्या नवाबाच्या हवेलीसारखं आहे. त्या हवेलीच्या दारात आमचा भाचा उभा होता. वय तेवीस. केस खांद्यापर्यंत, काळ्या बनियनवर माणसाची कवटी, मनगटाला चामड्याचा पट्टा. एवढा अवतार करून पोरगं वाकलं, पायाला हात लावला आणि म्हणालं, "मामा, सफर में तकलीफ तो नहीं हुई?" कोल्हापुरातला माझा दुसरा भाचा अंगात स्वच्छ सदरा घालतो, पण दारात पाऊल टाकलं की "आला काय? खायला काय आणलंय?" म्हणतो. मी जरा गोंधळलो.

सिद्धूला मराठी सगळं कळतं. बोलायला गेला की मात्र पहिलं वाक्य मराठीत आणि पुढचं हिंदीत. "मामा, आपण टेंपोनं जाऊ. अलीगंज सीधा जाता है."

लखनौच्या लोकांनी 'आधी आपण' म्हणता म्हणता गाडी घालवल्याची गोष्ट सगळ्यांनी ऐकली असेल. तसलं मला काही दिसलं नाही. मला दिसलं ते असं, की टेंपोत शिरल्याबरोबर तीन माणसांनी "आइए, तशरीफ़ रखिए" म्हणून जागा दिली, आणि जागा काही झाली नाही. तिघंही जिथल्या तिथंच. मी एका मांडीवर बसलो, आणि माझ्या मांडीवर माझी पिशवी. त्या पिशवीत सुमनसाठी कांदा-लसूण चटणीची बरणी. हजरतगंजच्या पुढं खड्डा आला, बरणी शेजारच्या लोखंडी दांड्यावर आपटली, आणि दोन शेर लाल तेलकट चटणी समोरच्या म्हाताऱ्या गृहस्थाच्या पांढऱ्याशुभ्र पायजम्यावर गेली.

आमच्याकडं अशा वेळी काय होतं ते सांगायला नको. आधी माझी आई निघाली असती, मग आजी. मी तयारीत बसलो. गृहस्थानं पायजम्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि मंद हसून म्हणाला, "अजी, कोई बात नहीं। रंग तो बड़ा दिलकश है।"

"घरी केलीय," मी म्हटलं. "आवडली असेल तर उरलेली घ्या की."

सिद्धूनं डोळे मिटून घेतले. मग हळूच म्हणाला, "मामा, ये रिज़वी साहब हैं. आपले पडोसी."

अलीगंज

अलीगंजला दाजींनी घर बांधलंय. दोन खोल्या, पुढं अंगण, वर गच्ची आणि गच्चीवर एक पत्र्याची खोली. हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती, तिच्यासमोर सुमनची रोजची वंदना. तिथं मराठी बोललं जातं ते कोल्हापूरचंच, पण मधेच "सब्जी घे ना अजून" आणि "अच्छा, मग काय झालं?" असले खडे लागतात. आठ दिवसांत मीही "हाँ, हाँ" म्हणायला लागलो होतो.

जेवण झाल्यावर सिद्धूनं मला वर नेलं आणि आपला संसार दाखवला. मी तोंडात बोट घातलं. मोठा ढोल होता तो लग्नाच्या बँडवाल्याकडून टाकाऊ म्हणून आणलेला. झांजा म्हणजे मुरादाबादी पितळेच्या पराती, ठोकून ठोकून पातळ केलेल्या. पायानं ढोल वाजवायचं यंत्र बाजारात मिळतं म्हणे, पण लखनौच्या बाजारात नाही. मग यानं आईच्या शिलाई मशीनचा पायटा काढला होता. एक सुमनचा, दुसरा कुठल्या तरी भंगारातला. दोन पायांना दोन.

"आणि माझं मशीन तीन वर्षं हातानं फिरवतेय मी," सुमन जिन्यातून ओरडली.

या संगीताला हेवी मेटल म्हणतात हे मला तिथं कळलं. मला आधी वाटलं, दाजींच्या कारखान्यातलंच काही असेल. सिद्धू ते शिकला कुणाकडून? कुणाकडूनही नाही. मित्राच्या भावानं दुबईहून आणलेल्या चार कॅसेटी, एक टेपरेकॉर्डर, बस. असं वाजवणारा माणूस त्यानं जन्मात पाहिला नव्हता. एका कॅसेटच्या वेष्टनावर ड्रमवाल्याचा फोटो होता, तो एका फोटोवाल्याकडून मोठा करून घेतला. फोटोवाल्यानं निगेटिव्ह उलटी लावली. पोरानं सगळा संसार त्या फोटोप्रमाणे मांडला आणि सहा वर्षं उलट्या हातानं शिकला. दिल्लीचे लोक ऐकायला आले तेव्हा त्यांनी सांगितलं, बाबा, हे सगळं डाव्याचं उजवीकडं आहे.

"मग तू काय म्हणालास?"

"मैंने कहा, अब तो ऐसे ही आता है."

अकरा वर्षं मी मिरजेला खाँसाहेबांच्या घरी पाणी भरलंय. पहिलं वर्ष नुसतं 'धा' कसं ठेवायचं यात गेलं. आणि हा उलट्या फोटोवरून शिकलेला गुरू-महाराज! मनात म्हटलं, बच्चमजी, थांब. तुझा निकाल लागलाच.

संध्याकाळी दाजी माझ्याजवळ येऊन बसले. दाजी कमी बोलतात. म्हणाले, "मास्तर, माझा आजा गावात हलगी वाजवायचा. हौस म्हणून नव्हे, वाजवावीच लागायची. मयत झालं, जत्रा आली, पाटलाच्या घरी लग्न निघालं, की दाराबाहेर उभं राहायचं आणि वाजवायचं. बापानं ती हलगी आडात टाकली आणि मला शाळेत घातलं. आता माझा मुलगा म्हणतोय, पप्पा, मी वाजवूनच पोट भरणार."

"मग मी तबला वाजवतो त्याचं काय?"

"तुम्ही बसून वाजवता," दाजी म्हणाले.

ड्रमसुद्धा बसूनच वाजवतात हे माझ्या ओठावर आलं होतं. पण दाजी गंमत करत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिझवीसाहेब आले, नवीन पायजमा घालून. कॉलेजात फारसी शिकवून निवृत्त झालेला माणूस, बोलणं साखरेच्या पाकात घोळलेलं. सिद्धूचा विषय निघाला तसे म्हणाले, "माशाल्लाह, साहबज़ादे की मेहनत का क्या कहना! हमारी बेगम ने तो दोपहर का आराम ही छोड़ दिया है, कि एक भी थाप छूट न जाए।"

सुमनचा चेहरा फुलला. ती मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि कौतुकानं सांगायला लागली, "बघ की दादा. दोन वर्षं झाली, आठवड्याला एकदा येऊन अशी तारीफ करतात बिचारे. मी दर वेळी शंकरपाळ्या नाहीतर चकली देते. ते परत बशीत शामी कबाब घालून पाठवतात. असले शेजारी कोल्हापुरात मिळतील काय?" मलाही ते पटलं.

चौक

रविवारी ऐकायचं ठरलं होतं. मधले दिवस मी गाव पाहिलं, म्हणजे मुख्यतः खाल्लं. चौकात सकाळी मक्खन मलाई मिळते. थंडीतच मिळते. दुधाचा फेस रात्रभर दवात ठेवतात म्हणे. द्रोणात घेतली, तोंडात घातली आणि नाहीशी झाली. खाल्लं की नाही याचा पुरावा राहत नाही. आम्ही मिसळ खातो, तिचा पुरावा दोन दिवस राहतो. कबाबही तसेच, दात लावायची सोय नाही. एवढं मटण कुटायचं, वाटायचं आणि शेवटी ते मटण आहे हे कळू द्यायचं नाही, याला काय म्हणावं? मी आठ खाल्ले, मग आणखी चार. तांबडा रस्सा पिणाऱ्या माणसानं हे कबूल करू नये, पण झकास होते.

तिथंच एका बोळात तबले मढवणाऱ्याचं दुकान सापडलं. म्हातारा कारागीर, नाकावर चष्मा. मी सहज म्हणून एक जोडी पुढं ओढली आणि त्याला आमचा हात दाखवला. सहज कसलं, चांगला पाऊण तास वाजवलं. लखनौच्या माणसाला कळू दे, कोल्हापुरातही तबला असतो. वाजवून झाल्यावर म्हाताऱ्यानं हात छातीवर ठेवला. म्हणाला, "हुज़ूर, क्या हाथ पाया है! ऐसी मेहनत अब कहाँ देखने को मिलती है। सच पूछिए तो हम इस क़ाबिल ही नहीं कि आपके फ़न पर कुछ कह सकें।"

तीस वर्षांत माझ्याबद्दल असं कुणी बोललं नव्हतं. मी दुकानातून बाहेर पडलो तो हवेतच. शेजारच्या दुकानात चिकनचा कुडता घेतला आणि तिथल्या तिथं अंगात घातला. ते शेवटचं वाक्य घरी येईपर्यंत घोकत होतो. काय वाक्य आहे! आमच्या भाषेत असलं वाक्य म्हणायला गेलो तर जीभ अडखळते.

शनिवारी दुपारी गच्चीवर उन्हात सिद्धू आणि मी संत्री खात बसलो होतो. मी त्याला विचारलं, "तू आज वाजवत नाहीस ते?"

"रिज़वी साहब घर पर हैं. बेगम सो रही होंगी."

"अरे, पण त्यांना आवडतं की."

सिद्धू हसायला लागला. इतका हसला की संत्र्याची फोड घशात अडकली. मग म्हणाला, "मामा, ते मना करत होते. दोन वर्षांपासून मना करतायत. मम्मीला कळलं नाही. मी पहिल्याच दिवशी समजलो, तेव्हापासून ते दोघं बाहर जातात तभी बजाता हूँ. तरी हप्त्यातून एकदा चूक होतेच, मग ते येऊन तारीफ करतात."

"म्हणजे? सरळ का नाही सांगत? 'आवाज बंद कर, झोपमोड होते,' संपलं!"

"इथं कोणी 'ना' नाही म्हणत. तारीफ करतात. और तारीफ जितनी लंबी, ना उतनी पक्की. जेव्हा माणूस म्हणतो ना, की 'हम इस काबिल ही नहीं,' तेव्हा समजायचं, दुकान बंद."

मी संत्रं खाली ठेवलं. त्या म्हाताऱ्या कारागिराचा चेहरा डोळ्यासमोर आला. पाऊण तास! भल्या माणसानं पाऊण तास सहन केलं होतं. माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. सिद्धूला यातलं काही बोललो नाही, बोलण्यासारखं होतं काय त्यात?

सिद्धूचं हसू तोवर ओसरलं होतं. तो म्हणाला, "मामा, म्हणूनच मी तुम्हाला बोलावलं. इथं सगळे चांगलंच बोलतात. मित्र, त्यांच्या मम्म्या, कॉलेजचे सर. मला कळतच नाही मी कसा वाजवतो ते. सच में नहीं पता. आप कोल्हापूर वाले बनकर बोलना. शिव्या द्या, चालेल."

"त्याची काळजी करू नकोस," मी म्हटलं.

गोमती नगर

लखनौचे लोक गोमती नगर म्हणतात खरं, पण नगर अजून यायचंय. सरकारनं नदीपलीकडं प्लॉट पाडलेत, खुंट्या मारल्यात, आणि त्या खुंट्यांना म्हशी बांधलेल्या आहेत. सिद्धूच्या बँडमधल्या बॉबी नावाच्या गिटारवाल्याच्या वडिलांनी तिथं घर बांधायला काढलं होतं. भिंती उभ्या, दारं-खिडक्या नाहीत. आसपास माणूस नाही, त्यामुळं पोरं तिथं मनसोक्त वाजवायची. रविवारी सकाळी ड्रम हातगाडीवर घालून आम्ही तिथं पोचलो. मला सिमेंटच्या पोत्यांवर बसवलं. मी गॉगल लावला, कुडत्याची घडी नीट केली.

सुरुवात झाली. काय सांगू! कारखान्याचा भोंगा, लग्नाची वरात आणि गुऱ्हाळातलं भांडण एकाच वेळी ऐकू आल्यासारखं वाटलं. दोन गिटारी करवतीसारख्या करकरत होत्या. गाणारा पोरगा शास्त्रीनगरचा, घरी मवाळ, पण माईक हातात आला की अंगात आल्यागत करत होता. बाहेरच्या म्हशी उठून पलीकडच्या प्लॉटवर गेल्या. मी मनात निकाल लिहूनसुद्धा टाकला.

आणि वीज गेली.

गिटारी पटकन मुक्या झाल्या. गाणारा तोंड उघडं टाकून उभा राहिला. इकडं वीज जाणं ही रोजचीच गोष्ट, पोरांनी खांदे उडवले आणि बिड्या काढल्या. पण सिद्धू थांबला नाही. त्याचे डोळे मिटलेले होते, वीज गेल्याचं त्याला कळलंच नव्हतं बहुतेक. तो एकटाच वाजवत राहिला.

आता मला ऐकू यायला लागलं. दोन्ही पाय शिलाई मशीनच्या पायट्यांवर, चार-चारच्या गतीत, पळत होते. आणि वर हात? मी सवयीनं मात्रा मोजल्या. हात सातात चालले होते. सात आणि चार. म्हणजे अठ्ठावीस मात्रांनी दोन्ही परत एका जागी यायला पाहिजेत. मनात म्हटलं, आता पडतोय. पोरगं बरोब्बर समेवर आलं, परात खणाणली. योगायोग असेल. पुन्हा मोजलं, पुन्हा आला. मग त्यानं हातातल्या सातात मधेच खिंड पाडली, तुकडे केले, लांबवले, मी मोजणीत चुकलो, आणि तो मात्र आला. तीस वर्षं लोकांना मोजायला शिकवणारा मी चुकलो, आणि तो आला.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी उठून विटांच्या ढिगामागं गेलो. पोरांना वाटलं असेल, मामा लघवीला गेले. तिथं उभा राहून मी डोळे पुसले आणि मला त्या पोराचा हेवा वाटला. खोटं कशाला बोलू? मला अकरा वर्षं मिरजेत जे मिळालं नाही ते या गाढवाला पत्र्याच्या खोलीत मिळालं होतं.

तो थांबल्यावर मी विचारलं, "वर सात, खाली चार, हे कुणी सांगितलं तुला?"

"सात? मैंने तो गिना नहीं, मामा. गिनना भी पड़ता है क्या?"

तिथंच सांगायला पाहिजे होतं. त्या पोत्यांवर बसूनच, तोंड उघडून. पण मी गंभीर चेहरा केला आणि म्हटलं, "निकाल संध्याकाळी, सगळ्यांसमोर." एवढा मोठा निकाल म्हशींसमोर कसा द्यायचा? त्याला बैठक नको?

निकाल

पाच वाजता सुमननं चहा मांडला. दाजी इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत बसले होते, कोर्टात बसावं तसे. सिद्धू दाराशी, केस बांधून, हात मागं. आणि तेवढ्यात रिझवीसाहेब आले. हातात बशी, बशीत शामी कबाब.

खरं सांगतो, ते आले नसते तर मी नीट बोललो असतो. पण समोर फारसीचा प्राध्यापक, माझ्या अंगात चिकनचा कुडता, आणि तोंडपाठ झालेलं ते वाक्य. मला वाटलं, कोल्हापूरचा माणूस नुसता रांगडा नसतो हे दाखवायची हीच वेळ. शिवाय पोराचं कौतुकच करायचं होतं, मग ते दागिने घालून केलं तर बिघडलं कुठं? मी घसा साफ केला, हात छातीवर ठेवला.

"साहबज़ादे की मेहनत का क्या कहना," मी सुरुवात केली. "ऐसा हाथ, ऐसा पाँव, ऐसी लय हमने कोल्हापुर से लखनऊ तक नहीं सुनी। खुदा नज़र-ए-बद से बचाए।" असं पाच-सात मिनिटं चाललं. शब्द आपोआप येत होते, माझं मलाच आश्चर्य वाटत होतं. आणि शेवटी, मोठा श्वास घेऊन, "सच पूछिए तो हम इस क़ाबिल ही नहीं कि इनके फ़न पर कुछ कह सकें।"

"सुभानअल्लाह," रिझवीसाहेब म्हणाले. माझ्याकडं त्यांनी फार प्रेमानं पाहिलं. "बड़ी नफ़ासत से फ़रमाया आपने। इसके बाद कहने को क्या रह जाता है।"

सिद्धूनं मागं बांधलेले हात सोडले. मग पुढं आला, वाकून माझ्या पायाला हात लावला आणि म्हणाला, "शुक्रिया, मामा." त्याचा आवाज जरा दबलेला होता. मला वाटलं, पोरगं भारावलं. दाजी "म्हणजे?" असं काहीतरी म्हणत होते, पण सुमन डोळ्याला पदर लावून चहा ओतत होती, रिझवीसाहेब कबाबाची बशी पुढं करत होते, आणि मी तीन कबाब घेतले. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुंदर भाषण होतं ते.

परत चारबाग

सोमवारी संध्याकाळची माझी गाडी. सकाळी उठलो तर सिद्धू घरात नव्हता. "कामाला गेलाय, स्टेशनवर येईल," सुमन म्हणाली. मी समजलो, दिल्लीचं तिकीट काढायला गेला. पत्र्याची खोलीही रिकामी दिसली. म्हटलं, सामान बांधून झालं वाटतं, पोरगं भलतंच तयारीचं. दुपारी दाजी कारखान्यातून जेवायला आले आणि त्यांनी मला मिठी मारली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं, बापच शेवटी, मुलाची कीर्ती ऐकून विरघळला.

गाडी लागायच्या वेळेला फलाटावर सिद्धू धावत आला. मी ओळखलंच नाही. केस बारीक कापलेले, खाकी पँट, बोटांना काळं वंगण.

"अरे, केस का कापलेस? दिल्लीत तर लांबच लागतील ना?"

"दिल्ली?" तो म्हणाला. "मामा, आज जॉइन झालो. कारखान्यात. दिल्लीला तार केली की येत नाही. आणि ड्रम सुबह-सुबह आलमबागच्या बँडवाल्यांना देऊन आलो. घर में रहता तो मन करता." मग हसून म्हणाला, "थँक्यू, मामा. मी परवाच तुम्हाला शिकवलं आणि तुम्ही किती छान शिकलात. आजतक मुझे किसीने इतने प्यार से मना नहीं किया."

माझ्या पायाखालची फरशी हलली. गाडी हलली असेल असं वाटलं, पण गाडी जागेवरच होती.

आणि मग माझं तोंड सुटलं. फलाटावर हमाल थांबले. "गाढवा! भाड्या! बेअक्कल कुठला! मना कुणी केलं तुला? अरे हलकटा, असला हात मी जन्मात ऐकला नाही! मी मोजताना चुकलो आणि तू समेवर आलास! मिरजेत लोकांनी हाडं झिजवली तरी जमत नाही ते तुला जमतंय आणि तू काय करून बसलास, मुडद्या! सोड ती नोकरी! उद्याची गाडी धर! ते ढोल परत आण!"

सिद्धूचा चेहरा पांढरा पडला. तो माझ्याकडं असा बघत होता, की मला खाली बघावं लागलं.

"सच?" त्यानं विचारलं.

"आईशप्पथ."

शिटी झाली. मी दारात चढलो. तो गाडीबरोबर चालायला लागला. "आज पप्पा कारखान्यात सगळ्यांना लाडू वाटत होते, मामा," तो म्हणाला. "मशीन-मशीनवर जाऊन. उन्हें ऐसे कभी देखा नहीं. आता त्यांना काय सांगू?" गाडीनं वेग घेतला. तो चालायचा थांबला, आणि मराठीत, सगळंच्या सगळं मराठीत म्हणाला, "मामा, हे काल का नाही बोललात?"

घरी पोचून पाच पत्रं लिहायला घेतली, पाचही फाडली. दाजींना कळवावं तर त्या माणसाचे लाडू कडू करायचे. न कळवावं तर पोराचं काय? मी काहीच केलं नाही. तोंडावर खरं बोलणारा माणूस म्हणून गावात अजून मला मान आहे.

परवा सुमनचं पत्र आलं. लिहिते, "दादा, तुझे उपकार कसे फेडू? सिद्धू वेळेवर कामावर जातो, वेळेवर येतो, फालतू बोलत नाही. रिझवीसाहेबसुद्धा आता फारसे येत नाहीत. फक्त जेवायला बसला की कधीतरी त्याची बोटं ताटावर चालायला लागतात, खाली पायही हलतो. तेव्हा मी रागावत नाही हो. नुसतं तुझं नाव घेते. लगेच थांबतो."